ईसीजी नॉर्मल आला, गोळी बंद केली आणि धडधड वाढली

*डॉक्टर, मी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत राहते. वय ४७. तौक्ते वादळात आमची कलमं मोडली, त्या वर्षापासून छातीत धडधड, जीव घाबरणं, रात्री घामाने जाग येणं सुरू झालं. तेव्हा ईसीजी काढला, नॉर्मल आला. टेन्शन आहे म्हणून रात्रीची एक गोळी दिली. ती आजवर चालू होती. मुलगा मुंबईहून येताना तीन-तीन महिन्यांच्या स्ट्रिपा आणतो. गेले काही महिने छाती आवळल्यासारखी होते. घाटी चढून वरच्या बागेत जातानाही होते, थांबलं की बरं वाटतं. गॅसची कॅप्सूल घेते. शेजारणीने सांगितलं की डोक्याच्या गोळ्यांनी हार्ट खराब होतं, म्हणून सहा दिवसांपूर्वी गोळी बंद केली. आता झोप नाही, हात थरथरतात, डोक्यात वीज चमकल्यासारखं होतं, धडधड दुप्पट झाली. दोन रात्री जाऊबाईंची झोपेची गोळी घेतली. हे हार्टचं आहे की गोळीचं? गोळी कधी सुटेल का? घरचे म्हणतात रिपोर्ट नॉर्मल आहेत, मनातून काढून टाक. मुलाला काही सांगितलेलं नाही. सांगू का?*

ताई,

पत्राखाली तुमचा फोन नंबर होता, म्हणून दोन गोष्टी तुम्हाला त्याच दिवशी कळवल्या. सदर येईपर्यंत थांबण्यासारख्या त्या नव्हत्या. पण अशी गोळी घेणारी माणसं आपल्याकडे वाडीवाडीत आहेत, म्हणून इथे सगळं पहिल्यापासून लिहिते. पत्र इथे थोडक्यात दिलंय, त्यामुळे पुढे आलेल्या तुमच्या काही गोष्टी त्यात दिसणार नाहीत.

आधी गोळीचं. स्ट्रिपचा फोटो पाठवलात, फार बरं केलंत. तिच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत दोन नावं आहेत: एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम आणि क्लोनाझेपाम ०.५ मिलिग्रॅम. म्हणजे इतकी वर्षं एक गोळी गिळताना तुम्ही रोज दोन औषधं घेत होतात, आणि ती दोन्ही स्वभावाने अगदी वेगळी आहेत. एसिटालोप्राम हे चिंता आणि नैराश्यावरचं औषध, ते सावकाश काम करतं. गुण दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात, सुरुवातीच्या दिवसांत उलट थोडी मळमळ आणि बेचैनी होते. पुढे ते बरेच महिने, कधी वर्षं घ्यावं लागतं. क्लोनाझेपामचं तसं नाही. ते तासाभरात शांत करतं, झोप आणतं. पहिलं औषध लागू पडेपर्यंतचे दोन-चार आठवडे निभावून जावेत म्हणून ते जोडीला देतात, आणि मग हळूहळू कमी करत थांबवतात.

दोन्ही एकाच गोळीत बांधली की हे थांबवणं राहून जातं. पेशंटला आत दोन औषधं आहेत हेच माहीत नसतं. जुनी चिठ्ठी दाखवून किंवा न दाखवताच पुढची स्ट्रिप मिळते. बरं वाटतंय म्हणून फेरतपासणीला कोणी जात नाही, आणि गेलं तरी ‘चालू ठेवा’ एवढंच लिहून मिळतं. अशी जोड गोळी वर्षानुवर्षं चालवणं मला मुळीच मान्य नाही. सुरुवातीला ती देण्यामागे कारण असू शकतं, पण ती कधी थांबवायची हे पहिल्याच दिवशी चिठ्ठीवर लिहिलेलं असलं पाहिजे.

क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, लोराझेपाम, डायझेपाम ही सगळी बेन्झोडायझेपिन गटातली औषधं. रोज काही आठवडे घेतली तरी शरीराला त्यांची सवय लागते. यात तुमचा दोष नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत, एकही गोळी जास्त न घेताही असं होतं. अशा शरीराला औषध अचानक मिळेनासं झालं की झोप उडते, हात थरथरतात, घाम फुटतो, छाती धडधडते, आवाज नि उजेड सहन होत नाही, आणि काही जणांना फिट येते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये या गटातल्या प्रत्येक औषधाच्या माहितीपत्रकावर याबद्दल चौकटीतला ठळक इशारा छापायला लावला.

क्लोनाझेपाम शरीरातून सावकाश बाहेर पडतं. त्यामुळे गोळी सोडल्यावर पहिले एक-दोन दिवस बरे जातात. त्रास तिसऱ्या-चौथ्या दिवशी, कधी आठवड्याने सुरू होतो. तोवर गोळी सोडल्याचा आणि या त्रासाचा संबंध डोक्यात राहत नाही, जुना आजारच उसळला असं वाटतं. डोक्यात वीज चमकल्यासारखं होणं हे बहुतेक वेळा एसिटालोप्राम एकदम बंद केल्याचं लक्षण असतं. तुम्ही एका रात्रीत दोन्ही औषधं सोडलीत, म्हणून दोन्हींचा त्रास एकदम आला. या आठवड्यात वाढलेल्या धडधडीचा मोठा भाग हाच असावा.

म्हणून फोनवर सांगितलेली पहिली गोष्ट: गोळी देणाऱ्या डॉक्टरांना आजच गाठा, आणि ते हो म्हणाले की नेहमीची एक गोळी नेहमीच्या वेळी पुन्हा सुरू करा. सुटलेले दिवस भरून काढायला दोन-दोन घ्यायच्या नाहीत. फिट आली, बोलणं असंबद्ध झालं, नसलेलं दिसू-ऐकू यायला लागलं, तर वाट न पाहता १०८.

जाऊबाईंची गोळी मात्र लगेच बंद. तिच्या स्ट्रिपवर अल्प्राझोलाम लिहिलंय. गट तोच, पण मात्रा वेगळी, शरीरात टिकण्याचा वेळ वेगळा. तुमची नेहमीची गोळी सुरू झाल्यावर तिच्यावर ही घेतलीत तर गुंगी दुप्पट होईल. २०१४ पासून अल्प्राझोलाम शेड्यूल एच-वनमध्ये आहे. म्हणजे दुकानदाराने चिठ्ठी पाहून, पेशंटचं आणि डॉक्टरांचं नाव वेगळ्या वहीत नोंदवूनच ती द्यायची. घरातल्या घरात ती एका उशीखालून दुसऱ्या उशीखाली जाते तेव्हा त्या वहीचा काही उपयोग उरत नाही.

या गटातल्या गोळीबरोबर दारू, माडी, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉल असलेली दुखण्याची गोळी पोटात गेली तर श्वास मंदावतो, झोपेत माणूस जाऊ शकतो. तुम्ही यातलं काही घेत नाही हे पत्रावरून दिसतं. हे लिहिलंय ते संध्याकाळी माडी घेऊन वर झोपेची गोळी घेणाऱ्या वाचकांसाठी. पहाटे होडीवर जाणाऱ्यांनी, माडावर चढणाऱ्यांनी आणि घाटात गाडी चालवणाऱ्यांनी तर रात्रीच्या गोळीची गुंगी सकाळपर्यंत उरते हे डॉक्टरांशी बोललंच पाहिजे.

आता छातीकडे येते. ‘घाटी चढून वरच्या बागेत जातानाही होते, थांबलं की बरं वाटतं.’ ताई, हे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण अख्ख्या पत्रात मी सगळ्यात जास्त वेळ याच वाक्यावर थांबले. चढताना हृदयाला जास्त रक्त लागतं. त्याच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर तेवढं रक्त पोचत नाही, छाती आवळते, आणि थांबलं की मागणी कमी होऊन आवळणं सुटतं. याला अंजायना म्हणतात. तुम्हाला तो आहेच असं मी म्हणत नाही. पण हे वर्णन ऐकल्यावर ‘टेन्शन आहे’ म्हणून कोणालाही घरी पाठवता येत नाही, मग आधीचे रिपोर्ट कितीही नॉर्मल असोत.

तुमचा तो नॉर्मल ईसीजी तौक्तेच्या वर्षातला, म्हणजे २०२१ चा आहे. तो त्या दिवसाबद्दल बोलतो, आजबद्दल नाही. शिवाय अंजायना असलेल्या माणसाचाही, पलंगावर शांत पडून, दुखत नसताना काढलेला ईसीजी अगदी स्वच्छ येऊ शकतो. हार्ट अटॅकच्या सुरुवातीलाही कधी तो नॉर्मल असतो, म्हणूनच दुखत असेल तर काही वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तातली ट्रोपोनिनची (हृदयाला इजा झाली की हे वाढतं) तपासणीही काही तासांच्या अंतराने दोनदा करतात. बायकांमध्ये तर दुखणं नेहमी डाव्या हातात जातंच असं नाही. धाप, जबड्यात किंवा पाठीत आवळणं, मळमळ, काही न करता गळून गेल्यासारखं होणं अशा रूपातही ते येतं आणि ‘गॅस झाला असेल’ म्हणून ओवा-सोड्यावर भागवलं जातं.

म्हणून फोनवरची दुसरी गोष्ट: दुसऱ्याच दिवशी ग्रामीण रुग्णालयात जा, ताजा ईसीजी काढा, आणि तिथून कणकवलीच्या उपजिल्हा किंवा ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात फिजिशियनला दाखवा. तोवर वरची बाग बंद, पाण्याचा हंडाही दुसऱ्या कोणी आणायचा. डॉक्टरांना ‘टेन्शनची गोळी चालू आहे’ इथून सुरुवात करू नका. ‘चढताना छाती आवळते, थांबल्यावर सुटते, गेल्या काही महिन्यांत वाढलंय’ हे पहिलं वाक्य असू दे. गोळीचं नाव ऐकल्यावर पुढचं ऐकणारे कान अनेकदा बंद होतात, हे मी वर्षानुवर्षं पाहतेय आणि याचं मला फार वाईट वाटतं. गोळी सांगायचीच आहे, पण दुसऱ्या वाक्यात. टूडी एको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, चालण्याच्या पट्ट्यावरची टीएमटी, गरज पडली तर अँजिओग्राफी, यातलं काय आणि कधी ते फिजिशियन ठरवतील.

त्याच खेपेला हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइडची टीएसएच, कोलेस्ट्रॉल आणि ब्लडप्रेशर हेही बघून घ्या. सत्तेचाळीसाव्या वर्षी पाळी बदलायला लागते. अंगावरून जास्त जात असेल तर रक्त कमी होतं, आणि रक्त कमी असलेल्या बाईला चढावर धाप आणि धडधड होणारच. रात्रीचा घाम पाळी जाण्याच्या काळातला असू शकतो. थायरॉइड जास्त काम करत असेल तर चिंतेच्या आजारासारखंच सगळं दिसतं: थरथर, घाम, झोप नाही, धडधड. ही कारणं साध्या तपासण्यांत सापडतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचाराचे पैसे लागत नाहीत. मोहोराच्या दिवसांत फवारणीचं औषध तुम्ही कालवता का, हेही डॉक्टरांना सांगा. काही कीटकनाशकांनी छाती आवळते, सोबत तोंडाला लाळ सुटते, डोळ्यांतून पाणी येतं, घाम फुटतो.

मग हे पॅनिकचं नाहीच का? असूही शकतं. रात्री पडल्या पडल्या येणारा जो त्रास लिहिलाय, की अचानक भीती दाटते, काही मिनिटांत शिगेला पोचते, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, अर्ध्या तासात ओसरते, तो पॅनिक अटॅकशी खूप जुळतो. आणि घाटीवरचा त्रास हृदयाचा असू शकतो. एकाच माणसात दोन्ही असतात. एक सापडलं म्हणून दुसऱ्याचा शोध थांबवायचा नसतो. पॅनिकचा त्रास खोटा किंवा मनाचे खेळ नाही, तो औषधाने आणि समुपदेशनाने बरा होतो. त्या वेळी श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांबवा. तोंडाला कागदी पिशवी लावायला कोणी सांगितलं तर ऐकू नका, कारण हृदयाचा त्रास असेल तर त्याने नुकसान होतं.

तुम्ही थांबल्यावरही आवळणं दहा मिनिटांत सुटलं नाही, बसल्या जागी आलं, सोबत घाम, उलटी, चक्कर, किंवा हात-जबड्यात कळ आली, तर ते पॅनिक आहे की हृदय हे घरी ठरवायचं नाही. १०८ लावा. गाडीवर मागे बसून जाऊ नका. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, पोटात अल्सर किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची अ‍ॅस्पिरिन चावून खा. आपल्याकडे अशा वेळी थेट कोल्हापूर नाहीतर गोव्यातलं बांबोळी गाठायची घाई होते. त्या वाटेत तास जातात. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या तीन तासांत सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. म्हणून आधी ईसीजी काढून ते देता येईल अशा सगळ्यात जवळच्या ठिकाणी जायचं, पुढचा प्रवास तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने.

शेजारणीच्या बोलण्यात तथ्य किती? ‘गोळ्यांनी हार्ट खराब होतं’ हे तसं खरं नाही. घाटीवरचं आवळणं या गोळीने आणलंय असं मला वाटत नाही. एसिटालोप्राम ज्या गटातलं आहे त्याच गटातलं सर्ट्रालिन हार्ट अटॅक येऊन गेलेल्या पेशंटनाही देतात. पण एक बारकावा आहे, आणि तो तुमच्या गॅसच्या कॅप्सूलमुळे तुम्हाला लागू पडतो. एसिटालोप्राममुळे ईसीजीतलं क्यूटी नावाचं अंतर, म्हणजे ठोक्यानंतर हृदयाला पुढच्या ठोक्यासाठी तयार व्हायला लागणारा वेळ, थोडं लांबू शकतं. दहा मिलिग्रॅमला सहसा काही होत नाही. पण तुमच्या कॅप्सूलमध्ये पँटोप्राझोलबरोबर डोमपेरिडोन आहे, आणि तेही हेच अंतर लांबवतं. दोन्ही रोज पोटात असताना जुलाब-उलट्यांनी पोटॅशियम उतरलं किंवा तापासाठी अझिथ्रोमायसिन सुरू झालं, तर हृदयाचा ठोका बिघडण्याचा धोका वाढतो. म्हणून कॅप्सूलची स्ट्रिपही सोबत न्या, ‘क्यूटी बघाल का’ एवढं विचारा आणि डोमपेरिडोन खरंच हवंय का हे ठरवून घ्या. अंगदुखीसाठी डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन परस्पर घेऊ नका, एसिटालोप्रामबरोबर पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढते. ट्रॅमाडॉल तर नकोच.

गोळी सुटेल का? क्लोनाझेपाम सुटेल, माझी खात्री आहे. पण छातीचा शोध लागल्यावर, घाई न करता. त्यासाठी आधी जोड गोळीच्या जागी दोन औषधांच्या दोन वेगळ्या गोळ्या घ्यायच्या. जोड गोळी अर्धी मोडली की दोन्ही औषधं एकदम निम्मी होतात, आणि आत्ता झालं तेच थोड्या प्रमाणात पुन्हा होतं. वेगळ्या केल्यावर एसिटालोप्राम आहे तसं ठेवून क्लोनाझेपाम कमी करत जायचं: दर दोन ते चार आठवड्यांनी साधारण पाच ते दहा टक्के. त्रास झाला तर त्या पायरीवर थांबायचं, पुढे जायची सक्ती नाही. तुमच्या इतक्या वर्षांच्या गोळीला यात अनेक महिने जातील. एसिटालोप्राम कधी थांबवायचं हा नंतरचा, वेगळा प्रश्न आहे, आणि काहींना ते चालू ठेवणंच योग्य असतं. हे काम मानसोपचारतज्ज्ञांकडे करा. जिल्हा रुग्णालयात ते भेटतात. मधल्या काळात बोलावंसं वाटलं तर टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

घरच्यांना एवढंच सांगा की रिपोर्ट चार वर्षांहून जुना आहे आणि डॉक्टरांनी नवा काढायला सांगितलाय. ग्रामदेवतेला गाऱ्हाणं घातलंत, चांगलं केलंत. ईसीजीही काढा.

मुलाला सांगा, आजच. तो आणतो त्या तीन महिन्यांच्या स्ट्रिपा आता मोजून आणाव्या लागतील, कारण मात्रा बदलत जाणार आहे आणि प्रत्येक वेळी नवी चिठ्ठी लागणार आहे. कोकण रेल्वे खोळंबली, तो आला नाही, म्हणून गोळी खंडित झाली असं होता कामा नये. पंधरा दिवसांची गोळी कायम हाताशी ठेवा आणि पुढचं औषध देवगडातच घ्यायची व्यवस्था करा. जुना ईसीजी त्याच्याकडे असेल तर त्याचा फोटो मागवून घ्या, नव्याशी ताडून बघता येईल.

जाऊबाईंची स्ट्रिप त्यांना परत द्याल तेव्हा त्या ती किती वर्षं घेतायत हे विचारा. रोज घेत असतील तर तुमचं ऐकून त्यांनीही एका रात्रीत बंद करू नये. तुम्ही ओरोसला जाल तेव्हा त्यांनाही सोबत न्या.